कथेतल्या पात्रांची टॅरो कार्डं, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात तसे चित्रांचे पत्ते, काढायची आहेत. पण ती टॅरोसारखी दिसत का नाहीत?

तुमच्या चित्रकथेत तीन पात्रं आहेत : घर सोडून निघालेली मुलगी, तिला दगा देणारा मित्र आणि म्हातारे गुरुजी. मुलीला ‘द फूल’ (वेडा), मित्राला ‘द डेव्हिल’ (सैतान) आणि गुरुजींना ‘द हर्मिट’ (एकांतवासी साधू) असं तुम्ही ठरवलंत, सोनेरी चौकटी काढल्यात, चंद्र-तारे घातलेत, तरी चित्रं पोस्टरसारखीच वाटतात, असं तुम्ही लिहिलंय.

मी चित्रकथांसाठी पात्रं काढते आणि नेमकी हीच चूक मी वर्षभर करत होते. चौकट बदलून उपयोग नाही. आधी कार्डं बदलून बघा. तुम्ही प्रत्येकाचा स्वभाव पाहून कार्ड वाटलंत. टॅरोच्या चित्रात माणूस कुठल्या प्रसंगात सापडलाय ते दिसतं : तो कसा उभा आहे, कुठे बघतोय, कशाकडे बघत नाहीये.

दगाबाज मित्रापासून सुरू करू. त्याला मी ‘हँग्ड मॅन’, म्हणजे उलटा टांगलेला माणूस, हे कार्ड देईन. आज या कार्डाचा अर्थ थांबणं, त्याग, उलटी नजर असा सांगतात. पण टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला, तोही खेळायचे पत्ते म्हणून, आणि तिथे या पत्त्याला ‘गद्दार’ म्हणत. त्या काळी इटलीतल्या शहरांत फितुरांची एका पायाने उलटी टांगलेली चित्रं चव्हाट्यावरच्या भिंतींवर रंगवत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या एका जुन्या संचात या टांगलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या आहेत. उलटा लटकलाय, तरी थैल्या सोडवत नाहीत! तुमच्या मित्राने मैत्रिणीला कशासाठी विकलं, ते त्याच्या हातात द्या. चेहरा मात्र शांत ठेवा. शिंगं लावलीत की वाचक लगेच निकाल देऊन मोकळा होतो. शांत चेहऱ्यापाशी तो थबकतो.

मुलीचं कार्ड निवडताना एकच प्रश्न विचारा : तिला आपण काय सोडतोय ते माहीत आहे का? ‘फूल’ आकाशाकडे बघत कड्याच्या टोकाशी आलाय, पायाखाली काय आहे याचं त्याला भान नाही. तुमची मुलगी रात्रभर विचार करून निघाली असेल, तर ती ‘एट ऑफ कप्स’ (आठ पेले) आहे. त्या चित्रात पुढे आठ पेले रचून ठेवलेत, खाली पाच आणि वर तीन, वरच्या रांगेत एक मोकळी जागा. आणि माणूस पाठमोरा, काठी टेकत डोंगराकडे चाललाय. त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. नायिकेला पाठमोरी काढायला धीर लागतो हे मला मान्य आहे, पण ती मोकळी जागा नीट जमली तर चेहऱ्याची उणीव भासत नाही. पेल्यांच्या जागी तिच्या घरातल्या वस्तू घ्या, फक्त संख्या आठच ठेवा.

गुरुजींचा ‘हर्मिट’ योग्यच आहे. एवढंच सांगते की मिलानच्या जुन्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचात त्या म्हाताऱ्याच्या हाती वाळूचं घड्याळ होतं, कंदील नंतर आला. गुरुजी वाट दाखवतायत की त्यांची वेळ संपत आलीय, यावर वस्तू ठरवा.

ही प्रसंग उभा करायची हातोटी शिकायची तर चित्रकार पामेला कोलमन स्मिथची चित्रं समोर ठेवा. लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या रायडर-वेट संचाची चित्रं तिची, वरचे ‘फूल’ आणि ‘एट ऑफ कप्स’ त्यातलेच. टॅरोत ७८ पत्ते. त्यांतल्या ५६ पत्त्यांचे नेहमीच्या पत्त्यांसारखे चार गट असतात आणि त्यांपैकी एक्का ते दहापर्यंतच्या पत्त्यांवर त्याआधीच्या बहुतेक संचांत नुसते मोजायला पेले, तलवारी, नाणी असत. तिने तिथेही माणसं आणली, प्रसंग आणले. ती नाटकवाल्यांत वावरलेली, आणि ते दिसतं : ‘फोर ऑफ पेंटॅकल्स’ (चार नाणी) सारख्या चित्रांत माणसामागे एक आडवी रेघ आहे, अलीकडे सपाट जमीन आणि पलीकडे रंगवलेल्या पडद्यासारखं शहर. पात्राला असं रंगमंचावर उभं करा. थ्रीडी खोली, धूसर पार्श्वभूमी, नाट्यमय प्रकाश हे सगळं काढून टाका. निम्मं काम तिथेच होतं.

आता मापाचं. कार्ड साधारण ७ बाय १२ सेंटिमीटरचं असतं, म्हणून कच्चं रेखाटन त्याच मापात करा. मी पहिलं कार्ड मोठ्या कागदावर बारीक पेनाने काढलं होतं, नायिकेच्या पदरावर तीन दिवस नक्षी भरली. छापून आल्यावर पदराचा नुसता काळा डाग झाला होता. तेव्हापासून झेरॉक्स छोटी करून हात लांब धरून बघते. शेवटी हा पत्ता आहे, हातात धरल्यावर एका नजरेत ओळखू आला पाहिजे. सावंतवाडीच्या गंजिफ्यात, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांत, मासा दिसला की मत्स्य, कासव दिसलं की कूर्म, तितकं सरळ.

रंग पाच-सहाच घ्या. फ्रान्समधले मार्से पद्धतीचे जुने पत्ते लाकडी ठशांनी छापून, कातरलेल्या साच्यांतून रंगवत. लाल, निळा, पिवळा, हिरवा यांवर भागत असे. तो बाज त्या मर्यादेतून आलाय. छपाईसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडा आणि काठ अगदी बारीक ठेवू नका. कापताना मिलिमीटरभर सरकलं तरी बारीक काठ वाकडा दिसतो.

नावाची पट्टी देवनागरीत करणार असाल तर ती रोमन अक्षरांच्या पट्टीपेक्षा उंच लागेल, वर वेलांट्या आणि खाली उकार असतात म्हणून. पट्टीची वरची रेघ आणि शिरोरेषा एकमेकींना चिकटू देऊ नका. एखाद्या पात्राचं नाव लपवायचं असेल तर तीही सोय परंपरेत आहे : मार्से पद्धतीत तेराव्या, मृत्यूच्या पत्त्यावर आकडा असतो, नाव नसतं.

जुन्या चित्रांची नक्कल केली तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. पामेला १९५१ साली गेली. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचे हक्क राहतात, त्यामुळे तिची मूळ चित्रं आता खुली आहेत. आजच्या चित्रकारांचे संच खुले नाहीत, त्यांच्यावरून गिरवू नका. आणि प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात सही करा. पामेलाला त्या कामाचे फार थोडे पैसे मिळाले, संच अनेक वर्षं प्रकाशक रायडर आणि तो आखणारा लेखक वेट यांच्याच नावाने ओळखला गेला, पण तिची वळणदार आद्याक्षरं चित्रांत होती, म्हणून शोधणाऱ्यांना ती सापडली.