पगार विरारला जातो, उत्पन्न मुंबईचं

नवीन रुजू झाला आहेस म्हणून आधी हे सांगतो. राज्याचं किंवा जिल्ह्याचं उत्पन्न मोजताना माणूस राहतो कुठे हे बघायचं नसतं, काम कुठे झालं ते बघायचं. विरारहून चर्चगेटला रोज येणाऱ्याचा पगार पालघर जिल्ह्यात खर्च होईल, पण तो मुंबईच्या आकड्यात धरतात. त्यामुळे मुंबईचं दरडोई उत्पन्न बघून इथल्या घरांच्या सुबत्तेचा अंदाज बांधू नकोस. ही चूक अनुभवी माणसंही करतात, आणि मला ती फार खुपते.

दुसरं, विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. दादरच्या वडापाववाल्याच्या गल्ल्यातून पाव, बटाटे, तेल, गॅस वजा कर. उरतं ते मूल्यवर्धन. सगळ्या क्षेत्रांचं असं मूल्यवर्धन जोडून, त्यात उत्पादनांवरचे कर मिळवून अनुदानं वजा केली की स्थूल राज्य उत्पन्न.

खरी कसोटी मुंबईतच लागते. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला, कारखाने चार राज्यांत. मग वाटणी करायची कशी? रेल्वे, बँका यांचा हिशेब केंद्र पातळीवर होतो आणि निर्देशकांवरून राज्यांना वाटला जातो. बँकांसाठी ठेवी आणि कर्जं बघतात. म्हणून प्रत्येक आकड्याखाली वाटणीचा निर्देशक कोणता, हे वहीत लिहून ठेवत जा.

वाढीचा दर मात्र नेहमी स्थिर किमतींवरूनच, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, काढ.