पट्टी, चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम: आळशी डोळ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलांच्या चष्म्यावर लिहिल्यानंतर आलेल्या प्रश्नांत एक विषय पुन्हापुन्हा दिसला: आळशी डोळा, म्हणजे अँब्लायोपिया. शंभरातल्या साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो. वेळेत लक्षात आला तर बहुतेकांची नजर बरीच सुधारते, म्हणून आजचा रकाना त्यालाच दिला आहे.

प्रश्न: मुलगी साडेपाच वर्षांची आहे. डाव्या डोळ्याचा नंबर +५, उजव्याचा +१. डॉक्टरांनी चष्मा दिला आणि दोन महिन्यांनी बोलावलं. तोवर यूट्यूबवर दाखवतात ते व्यायाम (डोळे गोल फिरवणे, पेन्सिल जवळ आणणे, त्राटक) सुरू करू का? नुसता चष्मा देऊन वेळ वाया जातोय असं वाटतं. (एक आई, सांगली)

उत्तर: वेळ वाया जात नाहीये, ताई. उपचार सुरू झाला आहे.

तुमच्या मुलीच्या डाव्या डोळ्यातून मेंदूला लहानपणापासून धूसर चित्र मिळत गेलं आणि उजव्यातून स्पष्ट. मेंदूनं स्पष्ट तेवढं घेतलं, धूसर बाजूला सारलं. त्यामुळे डाव्या डोळ्याची मेंदूशी जी जोडणी या वयात पक्की व्हायची ती कच्ची राहिली. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून नेमकं हेच दाखवलं होतं. उघडल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दादच देत नव्हत्या. मेंदू दृश्य कसं वाचतो यावरच्या संशोधनासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

आता व्यायामांकडे येऊ. डोळे गोल फिरवले की डोळा हलवणारे स्नायू हलतात. तिरळेपणा नसेल तर तुमच्या मुलीचे ते स्नायू ठणठणीत आहेत, दुखणं तिथे नाहीच. पेन्सिल जवळ आणण्याचा सराव वेगळ्याच तक्रारीसाठी असतो: जवळचं वाचताना दोन्ही डोळे आत वळवायला ज्यांना कष्ट पडतात त्यांच्यासाठी. आळशी डोळ्याची नजर त्यानं वाढत नाही. त्राटक मोठ्या माणसानं एकाग्रतेसाठी करावं, पण पाच वर्षांच्या मुलीला पापणी न लववता ज्योतीकडे बघत बसवू नका. मला या व्हिडिओंचा राग येतो तो यासाठी, की त्यांच्या नादात चष्मा कपाटात पडतो आणि सोन्यासारखे महिने निघून जातात.

नुसत्या चष्म्यानं काय होतं? दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असलेल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चांगला डोळा झाकणारी पट्टी नाही, औषध नाही, फक्त योग्य नंबरचा चष्मा. शंभरातल्या ७७ मुलांना तक्त्यावरच्या दोन किंवा जास्त ओळी अधिक दिसू लागल्या, आणि २७ जणांचा आळशी डोळा पूर्ण बरा झाला. ही सुधारणा काहींच्या बाबतीत तीस आठवड्यांपर्यंत चालू होती. म्हणून आधी चष्मा आणि मग पट्टी, हा तुमच्या डॉक्टरांचा क्रम बरोबर आहे.

तुमचं काम एवढंच: झोप आणि आंघोळ सोडून चष्मा सतत डोळ्यांवर हवा. नाकावरून फ्रेम घसरली की मूल काचेच्या वरून बघतं, आणि तेवढा वेळ उपचार बंद असतो. मागे इलास्टिकचा पट्टा लावून घ्या. आणि नंबर काढताना डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी केली होती का, ते आठवा. लहान मुलं डोळ्यावर ताण देऊन नंबर लपवतात, औषधाशिवाय काढलेल्या नंबरवर या वयात भरवसा ठेवता येत नाही.

प्रश्न: चार वर्षांच्या मुलाला रोज दोन तास पट्टी सांगितली आहे. तो दहा मिनिटांत ओढून काढतो, रडतो. चांगला डोळा झाकल्यावर त्याला खरंच कमी दिसतं, ते बघवत नाही. दोन तासांनी काही होतं का? आणि त्या वेळात मोबाइल दिला तर चालेल का? (एक बाबा, नाशिक)

उत्तर: होतं. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्याला दोन तास विरुद्ध सहा तास पट्टी, अशी तुलना २००३ साली झाली. चार महिन्यांनी दोन्ही गटांतली सुधारणा सारखीच, सरासरी सव्वादोन ते अडीच ओळींची. तीव्र आळशी डोळ्यात सहा तास आणि दिवसभर यांत फरक पडला नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन सांगितले असतील तर आपल्या मनानं सहा करू नका. गरजेपेक्षा जास्त झाकल्यानं चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते. ती बहुतेक वेळा परत येते, पण त्यासाठीच मधल्या तपासण्या चुकवायच्या नसतात.

तो रडतो याचं कारण तुम्ही बरोबर ओळखलंत. त्याचा आधार झाकला गेलाय. पहिले दोन आठवडे सगळ्यांत जड जातात. पट्टी थेट त्वचेवर चिकटवा आणि चष्मा तिच्यावरून घाला. चष्म्याला लावलेल्या कापडी खोळीच्या कडेतून मुलं हमखास बघतात. मान तिरकी केली, हनुवटी वर केली आणि नाकाच्या बाजूनं नजर टाकली की समजा, चांगला डोळाच काम करतोय. उन्हाळ्यात घामानं पट्टी सुटते, तेव्हा सकाळची गार वेळ निवडा. काढताना ओढू नका. कडेला बोटानं थोडं खोबरेल लावून दोन मिनिटं थांबा, मग सुटते. पुढच्या वेळी त्वचा धुऊन कोरडी करा, नाहीतर नवी पट्टी चिकटणार नाही.

वेळ रोज एकच ठेवा आणि त्या वेळेला त्याच्या आवडीची गोष्ट जोडा. रांगोळीचे ठिपके जोडणं, मणी ओवणं, चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करणं, चित्रं रंगवणं. 'जवळचं बारीक काम केलंच पाहिजे' असं पूर्वी आग्रहानं सांगत. २००८ च्या चाचणीत जवळचं काम करणारी आणि लांबचं बघणारी मुलं सारखीच सुधारली. म्हणजे या खेळांचा उपयोग हात आणि मन गुंतवण्यापुरता आहे, तेव्हा त्याला कंटाळा येईल असं काही लादू नका. टीव्ही चालेल, मोबाइलही थोडा वेळ चालेल. पट्टी लावून जिना, सायकल आणि रस्ता मात्र नको.

शाळेत चिडवतात म्हणून अनेक जण उपचार सोडतात. दोन तासच असतील तर ते घरीच पूर्ण करा, शाळेचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: अडीच वर्षांचा नातू दमला की त्याचा उजवा डोळा नाकाकडे जातो. घरात म्हणतात, तिरळं पोर भाग्यवान असतं, मोठेपणी आपोआप जाईल. थांबावं का? (एक आजोबा, रत्नागिरी)

उत्तर: थांबू नका, आजोबा. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे गेले तर काळजी नसते. त्यानंतरचा तिरळेपणा तपासायलाच हवा. कधीकधी नाकाचा पूल रुंद असल्यानं डोळे सरळ असूनही तिरळे वाटतात, पण ते ठरवायचं काम नेत्रतज्ज्ञांचं.

या वयात आत जाणारा डोळा पुष्कळदा प्लस नंबरामुळे जातो, आणि चष्मा लावल्यावर पूर्ण किंवा बराचसा सरळ होतो. ऑपरेशन लागलंच तरी ते डोळा सरळ करतं, नजर वाढवत नाही. नजरेसाठी चष्मा आणि पट्टी वेगळी करावीच लागते. 'लग्नाच्या वेळी ऑपरेशन करू' म्हणून थांबलेल्यांचा डोळा सरळ होतो, पण तोवर नजर वाढायचं वय निघून गेलेलं असतं.

एक गोष्ट आज संध्याकाळीच करा. त्याचे फ्लॅश वापरून काढलेले फोटो बघा. एका बाहुलीत लाल चमक आणि दुसरीत पांढरी दिसत असेल तर या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदू किंवा क्वचित डोळ्यातली गाठ अशी दिसते. फोटो ठीक असले तरी तपासणी टाळू नका, पडदा बघायला हवाच. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा. ते पुढच्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात पाठवतात.

प्रश्न: पट्टी जमेना म्हणून डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब सांगितले. शेजारच्या मुलाला चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून हेच औषध आहे. त्यांची बाटली वापरली तर? (एक आई, ठाणे)

उत्तर: अजिबात नको. नंबर रोखायला बहुधा ०.०१ टक्के औषध देतात. चांगला डोळा मुद्दाम धूसर करायला लागतं १ टक्का, म्हणजे शंभरपट. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा.

उपचार म्हणून मात्र हे थेंब भक्कम आहेत. २००२ सालच्या चाचणीत सहा महिन्यांनी पट्टी आणि थेंब जवळपास बरोबरीनं उतरले, आणि पुढे फक्त शनिवार-रविवारी थेंब घालूनही तेवढाच फायदा दिसला. बाहुली मोठी राहिल्यानं उन्हात डोळे दिपतात, तेव्हा टोपी घाला. थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरा आणि हात धुवा. अंग लाल होणं, ताप, तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं यांपैकी काही दिसलं तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. पोटात गेलं तर हे विष आहे. बाटली वरच्या फळीवर, कुलपात.

प्रश्न: शाळेच्या तपासणीत अकरा वर्षांच्या मुलीचा आळशी डोळा आत्ता सापडला. एका ठिकाणी सांगितलं, सात वर्षांनंतर काही होत नाही. खरं आहे का? (एक आई, लातूर)

उत्तर: नाही. लहान वयात फळ लवकर आणि जास्त मिळतं हे खरं, पण सातव्या वाढदिवसाला दार बंद होत नाही. २००५ साली सात ते सतरा वयोगटावर मोठी चाचणी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांत पट्टी, थेंब आणि जवळचं काम असे उपचार घेतलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना दोन किंवा जास्त ओळींचा फायदा झाला. नुसत्या चष्म्यानं तो २५ टक्क्यांना झाला. तेरा ते सतरा वयातही, ज्यांनी आधी कधीच उपचार घेतले नव्हते त्यांच्यात हा आकडा ४७ टक्के होता. तुमच्या मुलीनं आजवर काहीच घेतलेलं नाही, म्हणजे तिला पुरी संधी द्यायला हवी. पूर्ण ६/६, म्हणजे निरोगी डोळ्याइतकी नजर, येईलच असं वचन मी देत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला हे स्वच्छ सांगा आणि पट्टीची वेळ तिलाच ठरवू द्या.

प्रश्न: वय २७. उजवा डोळा लहानपणापासून आळशी, चष्म्यानंही ६/३६ च. लेसर केलं तर? (एक वाचक, पुणे)

उत्तर: लेसरनं चष्मा जातो. चष्मा लावून जेवढं दिसतं त्यापलीकडचं लेसर देऊ शकत नाही. मोठ्या वयात काही जणांना सरावानं थोडी सुधारणा होते, पण पॅकेजच्या जाहिराती बघून पैसे भरू नका.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो: डाव्या डोळ्याला जपा. तुमचं वाचन, गाडी, नोकरी सगळं त्याच्यावर आहे. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा वापरा. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली असू द्या. वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि दिवाळीत फटाक्यांजवळ जाताना डोळे झाकलेले हवेत.

प्रश्न: अमेरिकेतला भाऊ सांगतो, तिकडे डोळ्यांवर हेडसेट लावून कार्टून दाखवतात आणि आळशी डोळा सुधारतो. पट्टीऐवजी ते करता येईल का? (एक बाबा, नागपूर)

उत्तर: भाऊ म्हणतात ते ल्युमिनोपिया असावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला २०२१ मध्ये, चार ते सात वयासाठी परवानगी दिली. चांगल्या डोळ्याला फिकं चित्र आणि आळशी डोळ्याला ठळक, शिवाय चित्राचे काही भाग एकालाच दिसतात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी मिळून बघावं लागतं. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस. बारा आठवड्यांनी सरासरी १.८ ओळी, नुसत्या चष्म्याला ०.८. दिशा चांगली आहे. पण मोबाइलवर डाउनलोड होणारा प्रत्येक 'लेझी आय गेम' म्हणजे हे नव्हे. अशाच एका खेळाची सात ते बारा वयात चाचणी झाली, तेव्हा चष्म्यापेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. आज तुमच्या हातात पट्टी आहे, ती चालू ठेवा.

प्रश्न: मुलीची नजर ६/९ झाली. पट्टी बंद करू? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर: अभिनंदन, हे तुमच्या चिकाटीचं आहे. पण एकदम बंद करू नका. उपचार थांबल्यावर साधारण चौघांतल्या एका मुलाची नजर वर्षभरात पुन्हा उतरते. रोज सहा-आठ तास पट्टी घेणाऱ्या मुलांत ती अचानक थांबवल्यावर ४२ टक्क्यांची नजर उतरली, आधी दोन तासांवर आणून मग थांबवल्यावर १४ टक्क्यांची. वेळ कशी कमी करायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, चष्मा चालू ठेवा आणि पुढच्या वर्षभराच्या तपासणीच्या तारखा आत्ताच घेऊन ठेवा.