बॅटरी उतरते ती उभ्या गाडीची

पहिल्या गाडीबद्दल अभिनंदन! इंजिन ऑइल, टायर यांविषयी सगळेच सांगतील. मी बॅटरीचं सांगतो, कारण ऐन घाईत दगा देते ती तीच.

एकदा ओळखीच्यांची फेरारी चालवायला मिळाली. आवाज, वेग वगैरे सोडा, माझ्या लक्षात राहिला तो गॅरेजमध्ये गाडीला कायम लावलेला छोटा चार्जर. अशा गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात आणि अलार्म, घड्याळ, कंट्रोल युनिट गुपचूप करंट पीत राहतात. तुमच्या साध्या गाडीतही हेच चालतं, फक्त ती रोज निघते म्हणून कळत नाही.

तेव्हा व्होल्ट मोजायचा एक स्वस्तातला मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर नेहमीच्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. अशीच अर्धवट उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळत नसेल तर आधी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) तपासा, उगाच नवी बॅटरी घेऊ नका. (मी घेतली होती!)

पाच मिनिटांच्या फेऱ्यांनी ती भरत नाही, अधूनमधून लांब चक्कर मारा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह (−) टोक सोडवा, जोडताना ते शेवटी.