‘तो काही करत नाही हो!’

दिवाळी उलटली की कोकणात भटकायला निघणारे वाचक प्रश्न पाठवू लागतात. यंदा निम्मे प्रश्न कुत्र्यांचे आहेत. त्यांतले चार घेतले.

प्रश्न : पाखाडी (चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट) उतरताना समोरून एक आजी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन येत होत्या. आमचा लॅब्रेडॉर शेपटी हलवत पुढे धावला. ‘तो काही करत नाही’ असं आम्ही ओरडून सांगत होतो, तरी त्यांनी मोळी टाकली आणि आम्हाला चार शब्द सुनावले. आमचं काय चुकलं?

चार शब्दांवर भागलं हे नशीब समजा. डोक्यावर मोळी असली की मान खाली घालता येत नाही. आजींना तुमचा कुत्रा दिसलाच नसेल, पोटरीला काहीतरी ओलं आणि केसाळ लागलं एवढंच कळलं असेल. त्यात पाखाडीचे चिरे झिजून गुळगुळीत झालेले. तो काही करत नाही हे तुम्हाला ठाऊक, त्यांना कसं असणार?

पट्टा दीड मीटरचा असावा आणि अरुंद वाटेवर तोही आखडता धरावा. समोर माणूस दिसला की तुम्ही गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला टेका, कुत्र्याला पलीकडच्या अंगाला बसवा, म्हणजे मध्ये तुमचे पाय येतात. मग मोठ्यानं सांगा, ‘धरलाय हो, या तुम्ही!’ बटण दाबून लांब होणारा पट्टा घरीच ठेवा. वळणावर कुत्रा पाच मीटर पुढे पोचलेला असतो आणि दोरी कुणाच्या तरी पायात.

प्रश्न : पहाटे किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. तेव्हा मोकळा सोडला तर बिघडलं कुठं?

चिटपाखरू नसतं हे पाहुण्यांना वाटतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे उजाडायच्या आत वाळूत उतरलेले असतात. माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बंदराजवळ मी आमच्या बोक्याला (हो, कुत्र्याचंच नाव) सोडला आणि त्यानं वाळत घातलेल्या जवळ्यावर तंगडी वर केली. मी पाटीभर जवळ्याचे पैसे दिले. मावशींनी ते घेतले, सगळा जवळा मुकाट्यानं खरवडून बाजूला काढला आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या दिवसापासून तो किनाऱ्यावर पट्ट्यातच असतो.

दुसरं कारण कासवांचं. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर अंडी घालतात. ती दीड-दोन महिने वाळूत असतात आणि कुत्र्याला वास लागला की तो उकरतोच. वेळासला गावकरी घरटी शोधून अंडी कुंपणाच्या आत हलवतात, पण आदल्या रात्रीचं घरटं तुमच्या कुत्र्याला आधी सापडू शकतं. ही कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ‘कुत्रा आहे, त्याला काय कळतं’ हे तिथे चालायचं नाही.

प्रश्न : वाडीत शिरलो की गावातले कुत्रे आमच्या पामेरियनला घेरतात. उचलून घ्यावं का?

उचलू नका. बाकीचे तुमच्या अंगावर उड्या मारतील. दगडही मारू नका, तो कुत्रा कुणाच्या तरी खळ्यातला असतो. पळायचं नाही, पट्टा ताणायचा नाही, सरळ चालत राहायचं आणि जवळच्या घराकडे हाक द्यायची. घरातल्या माणसाच्या एका ‘हाड!’नं जे होतं ते तुमच्या काठीनं होत नाही. वाडीला वळसा घालणारी पाणंद असेल तर तीच बरी.

तरीही कुणी चावलंच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. हळद, चुना, चहापत्ती काही लावू नका. तुमच्या कुत्र्याची रेबीजची लस मात्र निघण्याआधीच झालेली हवी.

प्रश्न : देवराईत कुत्रा नेलेला चालतो का? आणि वाटेत पऱ्या (ओढा) लागला तर पोहू द्यावं का?

देवराईचं गावागणिक वेगळं असतं. गुरवांना विचारा, ते नाही म्हणाले तर एकानं कुत्र्याजवळ बाहेर थांबायचं. वाद घालू नका.

पऱ्याचं आधी खाली जाऊन बघा. दोन वळणांवर बायका हंडे भरत असतील. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू पाण्यात जाऊ शकतो, म्हणून तो भिजवायचाच असेल तर पाणवठ्याच्या खालच्या अंगाला. आणि शी पिशवीत भरून परत न्यायची, पिशवी करवंदीच्या जाळीत खोचून ठेवायची नाही.