रग्बी वर्ल्ड कपचा इतिहास आणि त्यातले मोठे खेळाडू, सुरुवात कुठून करावी?

आजवर फक्त क्रिकेट पाहिलं असेल, तर पहिल्या स्पर्धेपासून क्रमाने जाऊ नका, कंटाळाल. १९८७ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात १६ संघ खेळले, न्यूझीलंडने फायनलमध्ये फ्रान्सला २९-९ हरवलं. १९९१ चा कप ऑस्ट्रेलियाने नेला. एवढं पुरे.

१९९५ मात्र बघाच. वर्णद्वेषी राजवटीमुळे आधीच्या दोन्ही स्पर्धांना मुकलेला दक्षिण आफ्रिका आता यजमान होता. सेमीफायनलला न्यूझीलंडच्या वीस वर्षांच्या जोना लोमूने इंग्लंडवर चार ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्या संघाच्या गोल रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं). पहिल्याच ट्रायला माइक कॅट आडवा आला, त्याला तुडवून हा पुढे! फायनलला दक्षिण आफ्रिकेने त्याला एकही ट्राय करू दिला नाही. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीने ड्रॉप गोल मारला (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच किक मारून खांबांमधून पाठवणं), १५-१२. कृष्णवर्णीयांना ज्या स्प्रिंगबॉक (दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ) जर्सीची चीड होती, तीच जर्सी, ६ नंबरची, घालून मंडेलांनी कप्तान पिनारच्या हाती कप दिला.

ट्रायचे गुण ५, पेनल्टी (समोरच्याने नियम मोडल्यावर मिळणारी किक) आणि ड्रॉप गोलचे ३. माझं मत विचाराल तर नाव होतं पळणाऱ्यांचं आणि फायनल काढतात किक मारणारे. २००३ मध्ये इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन, डावखुरा गडी, शेवटच्या मिनिटाला उजव्या पायाने ड्रॉप गोल मारून ऑस्ट्रेलियाला २०-१७ हरवून गेला. २०११ ला न्यूझीलंड ८-७ जिंकलं, निर्णायक पेनल्टी स्टीफन डोनाल्डची. तो तर मूळ संघातही नव्हता. २०२३ ला दक्षिण आफ्रिका १२-११, सगळे १२ गुण हँड्रे पोलार्डचे. हा त्यांचा चौथा कप. लोमूचे दोन स्पर्धांत १५ ट्राय हा विक्रम, दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने नंतर त्याची बरोबरी केली. हबानाला २००७ ला कप मिळाला, लोमूला कधीच नाही.

प्रत्यक्ष खेळ बघायचा तर पावसाळ्यात मुंबईत फॅशन स्ट्रीटला खरेदी करताना समोर बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाकडे नजर टाका, चिखलात सामना चालू असू शकतो. (नट राहुल बोस भारताकडून रग्बी खेळलाय, अनेकांना हे माहीतच नसतं.) पुढचा वर्ल्ड कप २०२७ ला ऑस्ट्रेलियात आहे, तेव्हा २० ऐवजी २४ संघ असतील.