वजनकाट्यावरचा फॅटचा आकडा किती खरा?

प्रश्न : ताई, मिस्टरांनी दिवाळीत मोबाईलला जोडायचा स्मार्ट वजनकाटा घेतला. सकाळी फॅट 34 टक्के दाखवतो, त्याच दिवशी संध्याकाळी 31, आणि जिमच्या मशीनवर तर 29 आलं. वजन जवळपास तेवढंच. माझं वय 41, उंची पाच फूट दोन इंच. कुठला आकडा खरा धरू? घरात सगळेच त्यावर उभे राहतात, पेसमेकर बसवलेल्या सासूबाईसुद्धा. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आधी सासूबाईंचं बघा, त्यांना आजपासून त्यावर उभं करू नका. काटा तळपायातून बारीकसा करंट सोडतो, आपल्याला जाणवतही नाही, पण पेसमेकरवाल्यांनी तो वापरू नये असं माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. त्यांच्यासाठी साधा काटाच ठेवा. प्रेग्नंट बायकांनाही हेच सांगितलेलं असतं.

आता तुमचे तीन आकडे. काटा चरबी मोजतच नाही हो. करंट एका पायातून वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो, वाटेत किती अडथळा झाला तेवढंच तो मोजतो, स्नायूंत पाणी भरपूर म्हणून तिथून करंट सहज जातो आणि चरबीतून अडखळतो, मग तो अडथळा, तुमचं वजन, उंची, वय, बाई की पुरुष हे सगळं फॉर्म्युल्यात घालून टक्केवारीचा अंदाज काढतो. ॲपमध्ये उंची चुकीची टाका किंवा ॲथलीट मोड चालू करा, शरीर तेच आणि फॅट मात्र बदललेलं दिसेल. तुमची प्रोफाइल एकदा तपासाच.

आणि पाण्यामुळे फार फरक पडतो. सकाळी अंगात पाणी कमी असतं, दिवसभर उभं राहून ते पायात उतरतं, म्हणून संध्याकाळी फॅट कमी झाल्यासारखं वाटतं, खरं तर कमी काहीच झालेलं नसतं. टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असल्या तरी आकडा वर जातो. जिमच्या मशीनला हातात धरायच्या मुठी असतील तर करंटचा रस्ताही वेगळा आणि फॉर्म्युलाही वेगळा, त्यामुळे 34 आणि 29 ची तुलनाच करू नका. तिन्हीतला एकही खरा म्हणून धरू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी त्याच काट्यावर उभ्या राहा आणि दोन-तीन महिन्यांत आकडा कुठे सरकतोय एवढंच बघा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. पायातून जाणाऱ्या करंटला पोटावरची चरबी नीट कळत नाही, आणि आपल्या लोकांचा प्रॉब्लेम नेमका पोटाचाच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते, दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण डेक्सा स्कॅनमध्ये (एक्स-रेने चरबी मोजायची तपासणी) युडकिन यांची चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2! बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी किती लपलेली असू शकते ते यात दिसतं.

म्हणून शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही मर्यादा धरतात, त्याच्या वर गेलात तर काटा काहीही म्हणो, तुम्ही आणि मिस्टर दोघंही उपाशीपोटी शुगर तपासून घ्या.