विलाया, तराफा आणि पिंपळगाव तर्फे महाळुंगे

टांझानियात 'विलाया' म्हणजे राज्य का जिल्हा, आणि आपल्या 'विलायत'शी त्याचं काही नातं आहे का, असा प्रश्न आलाय. जिल्हा. नातं आहे, मूळ अरबी, वलीच्या म्हणजे कारभाऱ्याच्या अमलाखालचा मुलूख, बास. पण ते 'अरुशा राज्य' 'किलिमांजारो राज्य' बोलणं आता पुरे करा रे, ट्रॅव्हल व्हिडिओवाल्यांनी कान किटवलेत. अरुशा काय, किलिमांजारो काय, तो 'म्कोआ' आहे, विलायाच्या वरची पायरी, हवं तर प्रांत म्हणा, देशात असे 31 आहेत आणि त्यांचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतात, त्यात राज्य कुठून आलं? (अल्जीरियात विलाया म्हणजेच सगळ्यात वरचा प्रांत, तेव्हा शब्द तोच म्हणून दर्जा तोच असं काही नसतं.)

खरी मजा विलायाच्या एक पायरी खाली आहे. तिथे येते 'तराफा', पाण्यावरचा नव्हे, विलायाचा पोटविभाग, मग त्याखाली 'काटा' म्हणजे वॉर्ड आणि मग गाव. आता आपल्या आंबेगाव तालुक्यातलं पिंपळगाव तर्फे महाळुंगे घ्या. लोक हसतात, महाळुंग्याच्या वतीने पिंपळगाव का म्हणून! अहो ते महाळुंगे तर्फेतलं पिंपळगाव, पिंपळगावं ढीगभर, कुठलं ते कळायला नको? बहामनी राज्याचे सुरुवातीला चारच तरफ म्हणजे प्रांत होते, एकेकावर तरफदार, पुढे वजीर महमूद गावानने त्यांचे आठ केले, आणि नंतर झिजत झिजत तर्फ परगण्याच्याही खाली येऊन बसली. म्हणजे आपली तर्फ आणि त्यांची तराफा, दोघी जिल्ह्याच्या पोटातल्याच.

कोशवाले म्हणतात टांझानियाच्या स्वाहिली भाषेने 'तराफा' शब्द थेट अरबीतून उचलला, विषय संपला. कसा संपला? अरबीत तरफ म्हणजे मुळात कड, टोक, बाजू. कारभारी अर्थ तर आपल्याकडे चौदाव्या शतकापासून रुळलेला. आणि तिकडच्या झांझिबार बेटावरच्या पेढ्यांवर, पुढे सरकारी कचेऱ्यांत कारकून कोण होते? बरेचसे आपल्याच किनाऱ्यावरचे. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी', गाडीला 'गारी' म्हणतात, जर्मन अमलात टांझानियाच्या मुख्य भूमीवर रुपया चालायचा, तो 'रुपिया'. एवढं सगळं गलबतातून गेलं आणि तर्फ तेवढी धक्क्यावर राहिली होय? कागदी पुरावा माझ्याकडे नाही, अंदाजच आहे, पण 'अरबी, पूर्ण विराम' लिहिणाऱ्यांनी तरी कुठे कागद दाखवलाय? विलायाबद्दल मात्र माझं भांडण नाही, ती अरबीतूनच गेलेली.